संगणकाचे शुद्धिपत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिना उजाडला, की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांसमोर गर्दी सुरू होते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला रहिवासाचा, कुणाला नॉन-क्रिमिलेअरचे प्रमाणपत्र. रिसोड, मानोरा, मालेगाव अशा तालुक्याच्या गावी खेड्यातून आलेला बाप मुलीला घेऊन रांगेत उभा असतो. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. त्याचा नंबर लागतो आणि नेमका तेव्हाच संगणकाचा पडदा निळा होतो. ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ अशी सूचना आणि खाली टक्के मोजणारा आकडा. बारा टक्के. बराच वेळ बाराच टक्के. बाप विचारतो, ‘काय झालं भाऊ?’ केंद्रचालक म्हणतो, ‘अपडेट घेऊन राह्यला.’

या उत्तराने कुणाचे समाधान होत नाही, कारण ते खुद्द केंद्रचालकाचेही झालेले नसते. हे अपडेट म्हणजे नेमके काय, ते इतक्या वेळा का येते, त्यासाठी संगणक बंद करून पुन्हा का सुरू करावा लागतो, आणि हे सगळे आपण निमूट सोसायचे का, या चार प्रश्नांचा आज विचार करू. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि कविता लिहितो. पण गेली वीसेक वर्षे त्या कविता संगणकावरच लिहीत असल्यामुळे या यंत्राच्या स्वभावाशी ओळख झाली आहे. जे समजले, ते साध्या भाषेत सांगतो.

पुस्तक छापणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मुद्रिते तीन-तीनदा तपासली, तरी एखादी चूक राहतेच. म्हणून जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असे. पान अमुक, ओळ तमुक, एका बाजूला ‘अशुद्ध’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शुद्ध’. सॉफ्टवेअर हेही माणसांनी लिहिलेले एक पुस्तकच आहे. फरक आकाराचा आहे. एखाद्या कवितासंग्रहात हजार-दीड हजार ओळी असतात. विंडोजसारख्या प्रणालीत त्या काही कोटींच्या घरात जातात, आणि हजारो माणसांनी वेगवेगळ्या काळात त्या लिहिलेल्या असतात. एवढ्या मोठ्या पुस्तकात चुका राहणार, हे उघड आहे. अपडेट म्हणजे या पुस्तकाचे शुद्धिपत्र.

आणखी एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पुस्तकातली चूक वाचक मनातल्या मनात सुधारून घेतो. एखादी वेलांटी चुकली, तरी अर्थ कळतो. संगणकाला असे काही करता येत नाही. लिहिले असेल तसेच तो पाळतो. त्यामुळे संगणकाचे शुद्धिपत्र नुसते जोडून भागत नाही. मूळ ओळ बदलावी लागते, आणि तीही जगभरच्या कोट्यवधी प्रतींमध्ये. इंग्रजीत या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. हा शब्दही उगाच आलेला नाही. सुरुवातीच्या संगणकांना कागदी फितीवर भोके पाडून आज्ञा दिल्या जात. चुकीच्या जागी भोक पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. ते ठिगळ डोळ्यांना दिसत असे. आजचे दिसत नाही, इतकाच काय तो बदल.

चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या चुकीने गैरसोय होते. छापताना समास सुटत नाही, तारीख उलटी दिसते. अशी दुरुस्ती चार दिवस उशिरा झाली, तरी बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला राहिलेले खिंडार. घरात राहणाऱ्याला ते दिसतही नाही, पण चोराच्या नजरेतून सुटत नाही. बहुतेक अपडेट्स येतात, ती अशी खिंडारे बुजवण्यासाठी.

ज्यांनी २००३ साली संगणक वापरला असेल, त्यांना ब्लास्टर नावाचा प्रकार आठवत असेल. त्या वर्षी ११ ऑगस्टला हा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरू लागला. तो ज्या संगणकात शिरे, तिथे पडद्यावर एक चौकट येई, साठ सेकंद उलटे मोजले जात आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. पुन्हा सुरू झाला, की थोड्या वेळाने पुन्हा तीच चौकट. गंमत अशी, की ज्या खिंडारातून तो शिरत होता, ते बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच देऊन ठेवले होते. जवळपास चार आठवडे हाताशी होते. पुष्कळांनी ते लावून घेतले नव्हते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सगळ्या दुरुस्त्या एकत्र देण्याचा पायंडा पाडला. तो आजही चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळवारी सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. तेव्हा आपले संगणक बंद असतात. बुधवारी सकाळी कार्यालय उघडते, संगणक सुरू होतो आणि तो आधी हे सामान उतरवून घेऊ लागतो. महिन्यातल्या एका विशिष्ट बुधवारी किंवा गुरुवारी संगणक हटकून मंद का चालतो, याचे कारण पुष्कळदा हे असते.

दर महिन्याला एवढी घाई कशाला, असे कुणी विचारील. तर त्याचे कारण शुद्धिपत्राच्या स्वभावातच आहे. शुद्धिपत्र छापले, की मूळ चूक कुठे होती ते सगळ्यांनाच कळते. दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची प्रत शेजारी ठेवून ताडून पाहिली, की खिंडार कुठे होते ते चोरालाही समजते. म्हणजे ठिगळ जाहीर होते, त्या दिवसापासून शर्यत लागते. ज्याने ते लावले तो सुटला, आणि ज्याने लावले नाही त्याच्या घराचा पत्ता आता चोराला मिळालेला असतो.

२०१७ साली जगाने ही शर्यत पाहिली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरला. तो फायलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठी पैसे मागे. काही दिवसांत सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत अंदाजे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. यासाठी लागणारे ठिगळ १४ मार्चलाच आलेले होते. दोन महिने मिळूनही ज्यांनी ‘नंतर पाहू’ म्हटले, त्यांच्या दारात ते संकट उभे राहिले. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाचा त्यात काही दोष नव्हता. भोगावे मात्र त्यालाच लागले.

आता संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची, म्हणजे रीस्टार्टची गोष्ट. संगणकात मुख्यतः दोन जागा असतात. एक कोठार, ज्याला हार्ड डिस्क म्हणतात. वीज गेली तरी तिथला माल जागच्या जागी राहतो. दुसरी कामाची जागा, म्हणजे मेमरी. वीज गेली, की ती रिकामी होते. आपण संगणक सुरू करतो, तेव्हा प्रणालीचा मुख्य भाग कोठारातून उचलून कामाच्या जागेवर आणला जातो आणि दिवसभर तो तिथेच राबत असतो. अपडेट कोठारातली प्रत बदलू शकते, पण राबत असलेली प्रत जुनीच राहते. शिवाय जी फाईल वापरात आहे, ती विंडोज सहसा बदलू देत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा बदलायचा, तर गिरणी थांबवावीच लागते. दळण अर्धवट असले तरी इलाज नसतो. रीस्टार्ट म्हणजे हे गिरणी थांबवणे.

मग बँकांचे, रेल्वेचे संगणक थांबलेले कसे दिसत नाहीत? त्याची दोन उत्तरे आहेत. लिनक्ससारख्या प्रणालीत काही दुरुस्त्या यंत्र चालू असतानाच करण्याची सोय आहे. आणि मोठ्या संस्था एकाच कामासाठी दोन-तीन सर्व्हर ठेवतात. एक थांबवून दुरुस्त करायचा, तोवर दुसऱ्याने काम ओढायचे. ज्या सेवा केंद्रात मुळात एकच संगणक आहे, त्याला ही चैन परवडत नाही. अपडेटचा त्रास सर्वांना सारखा होत नाही, तो असा. ज्याच्याकडे दुसरे यंत्र नाही, त्याच्याच वाट्याला थांबणे येते.

‘संगणक बंद करू नका’ ही सूचना वाचून विदर्भातल्या माणसाला हसू येते. २००५ नंतरच्या काही वर्षांत आमच्या ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. संगणक आम्ही बंद करत नव्हतो, भारनियमन करत होते. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली, तर काय होते? अलीकडच्या प्रणाली जुनी प्रत जपून ठेवतात आणि वीज आल्यावर ‘बदल मागे घेत आहोत’ असे सांगून पूर्वपदावर येतात. पण दर वेळी ते साधतेच असे नाही. कधी कधी संगणक सुरूच होत नाही. म्हणून ज्यांचे पोट संगणकावर आहे, त्यांनी तासभर टिकेल अशा बॅटरीची सोय करणे केव्हाही चांगले.

इथवर मी अपडेटची बाजू मांडली. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शुद्धिपत्राच्या नावाखाली पुष्कळ वेळा दुसरेच काही आपल्या गळ्यात मारले जाते. बटणांच्या जागा बदलतात, रंग बदलतात, न मागितलेले प्रोग्रॅम येऊन बसतात, जाहिराती दिसू लागतात. चाळिशी-पन्नाशीनंतर जिद्दीने संगणक शिकलेला माणूस एका रात्रीत पुन्हा निरक्षर होतो. भिंतीचे खिंडार बुजवायला आलेल्या गवंड्याने जाता जाता स्वयंपाकघराची चूलही दुसऱ्या कोपऱ्यात सरकवावी, असा हा प्रकार आहे. वर त्याचे म्हणणे असे, की खिंडार बुजवून हवे असेल, तर चूलही सरकवू द्या.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली, तेव्हा घरगुती वापराच्या आवृत्तीत अपडेट नाकारण्याची मुभा जवळपास काढूनच घेण्यात आली होती. कॅलिफोर्नियातल्या, प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंनी याविरुद्ध दाद मागितली. आपण परवानगी दिलेली नसताना नवी प्रणाली संगणकावर बसू लागली आणि कामाचा संगणक निकामी झाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना १० हजार डॉलर मंजूर झाले आणि २०१६ साली कंपनीने आपले अपील मागे घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तर विंडोज १० च्या एका अपडेटने काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसून टाकल्या. ते अपडेट कंपनीला थांबवावे लागले. लोकांनी ओरड केल्यामुळे पुढे सवलती आल्या. कामाचे तास ठरवून देण्याची सोय २०१६ मध्ये आली, आणि घरगुती आवृत्तीतही अपडेट काही दिवस थांबवून ठेवण्याची सोय २०१९ मध्ये आली. आपल्या वैतागाला किंमत असते, ती अशी.

शुद्धिपत्रातच चूक असेल तर? १९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक छोटे अपडेट जगभर गेले. एका तक्त्यात वीस रकाने अपेक्षित होते, तिथे एकविसावा वाचायचा प्रयत्न झाला आणि संगणक कोसळले. ७८ मिनिटांत ती चूक मागे घेण्यात आली, पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवत बसले होते. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोची जवळपास २०० उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. काही संगणक पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट केल्यावर ताळ्यावर येत होते. बाकीच्यांजवळ माणूस प्रत्यक्ष जाऊन बसला, तेव्हा ते सुरू झाले. त्या दिवशी पेन आणि कागद यांनीच विमाने उडवली, असे म्हटले तरी चालेल.

याहून विचित्र गोष्ट २७ जून २०१७ ची. युक्रेनमध्ये हिशेबाचे एक सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाई. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेट देणाऱ्या सर्व्हरमध्येच शिरकाव केला आणि अपडेटच्या पोटात विष घालून पाठवले. ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार तिथून मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत पोहोचला, आणि तिच्यामार्फत आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कला पुढे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. हा प्रोग्रॅम संगणकाकडून संगणकाकडे पसरत होता, तो अंशतः ‘वॉनाक्राय’नेही वापरलेल्या, मार्चमध्येच बुजवता आले असते अशा खिंडारातून. म्हणजे अपडेटमधून आलेले विष काही अंशी अपडेट न केल्यामुळेही पसरले. अपडेट चांगले की वाईट, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, ते यासाठी.

हे सगळे दूरच्या जगाचे वाटेल, म्हणून आपल्या शेताच्या बांधावर येऊ. शेतातल्या पिकाची नोंद पूर्वी तलाठी करत असे. गाव नमुना बारा हा त्यासाठीच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरच्या ॲपमधून पिकाचा फोटो काढून स्वतः नोंद करायची. कल्पना चांगली आहे. आपल्या सातबाऱ्यावर आपण काय पेरले ते आपणच सांगायचे. पण १ ऑगस्ट २०२२ ला या ॲपची दुसरी आवृत्ती आली. पुढे आणखी आवृत्त्या आल्या, आणि २०२४ च्या रब्बीपासून डिजिटल क्रॉप सर्व्हे म्हणून नवे ॲप आले. दर वेळी सूचना एकच, जुने ॲप काढून टाका आणि नवे घ्या.

शहरातल्या माणसाला हे दोन मिनिटांचे काम वाटते. वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीन उत्पादकाला ते तसे नसते. खरिपाची नोंद साधारण १ ऑगस्टपासून दीड महिन्यात करायची असते. तेव्हा डवरणी-फवारणीचे दिवस असतात आणि पाऊस असतो. मोबाइल जुना आणि फोटोंनी भरलेला. नवे ॲप घ्यायला त्यात जागा नसते, किंवा जागा केली तर ॲप म्हणते, की तुमच्या मोबाइलची प्रणालीच जुनी आहे. शिवारात नेटवर्क नसते. त्यासाठी नोंद साठवून ठेवून गावात येऊन पाठवण्याची सोय ॲपमध्ये केलेली आहे, पण गावात आल्यावर सर्व्हरवर सगळ्यांचीच गर्दी. म्हणून मुदत वाढवून द्यावी लागल्याचेही आपण पाहिले आहे.

यात पणाला काय लागते, ते २०२४ मध्ये दिसले. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना शासनाने हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरवले. म्हणजे जास्तीत जास्त १० हजार रुपये. सुरुवातीला अट अशी होती, की त्या हंगामात ई-पीक पाहणीत नोंद केलेली हवी. शेतात सोयाबीन होते, बाजारात विकले गेले होते, पण ॲपमध्ये नोंद नव्हती, असे शेतकरी राज्यभर निघाले. तक्रारी वाढल्यावर अट शिथिल झाली. एखादे अपडेट वेळेवर न घेता येणे, ही कुणासाठी नुसती कटकट असते, आणि कुणासाठी ती बी-बियाण्याच्या पैशांची गोष्ट असते.

आता अपडेटने आपल्याला काय दिले, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी ते घडवले. पण कुठल्याच संगणकाला ते ठाऊक नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंचात त्याला जागा मिळाली आणि पुढे अपडेटमधूनच ते लोकांच्या जुन्या संगणकांवर उमटू लागले. मराठीचेही तेच. ॲण्ड्रॉइड मोबाइलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, किंवा जोडाक्षरे तुटून पडत. पुढच्या आवृत्त्यांनी ते दुरुस्त केले. आज खेड्यातली आजी नातवाचा मराठी निरोप मोबाइलवर वाचते, यात कित्येक कंटाळवाण्या अपडेट्सचा वाटा आहे.

पण बदलात जुने हरवते, हेही खरे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फॉण्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवून तयार केलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. माझा एक कवितासंग्रह त्या काळी अशाच एका फॉण्टमध्ये जुळवला गेला होता. पुढे संगणक नवा आला, प्रणाली नवी आली आणि तो फॉण्ट काही तिच्यावर चालेना. फाईल उघडली, की माझ्या कवितांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. छापील प्रत शेजारी ठेवून सत्तर-ऐंशी कविता पुन्हा टंकलिखित कराव्या लागल्या. कागदावरची कविता मात्र एकही अपडेट न घेता वाचता येत होती. आपल्याकडच्या किती संस्थांचे अहवाल, किती मासिकांचे जुने अंक अशा फायलींत अडकून पडले असतील, याचा विचार व्हायला हवा. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत, त्यांनी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि एक प्रत कागदावर काढून ठेवावी.

अपडेट येणे हा जसा त्रास आहे, तसा ते येईनासे होणे हा त्याहून मोठा त्रास आहे. विंडोज एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज सेव्हनचे १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरासाठी पुढे ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची एक वर्षाची सवलत देण्यात आली. विंडोज ११ साठी सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकात ते नाही, तो ठणठणीत चालत असला तरी नव्या प्रणालीच्या नियमांत बसत नाही. शाळांमधले, ग्रंथालयांमधले, सेवा केंद्रांमधले किती तरी संगणक या गटात मोडतात. अशा ठिकाणी लिनक्सची एखादी मोफत प्रणाली बसवून पाहायला हरकत नाही. पत्रे लिहिणे, इंटरनेट पाहणे, मुलांना शिकवणे एवढ्यासाठी ती पुरेशी होते. मात्र बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांसारखी जोड उपकरणे तिच्यावर चालतात की नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

मग आपण काय करायचे? थोडक्यात सांगतो. सुरक्षेची दुरुस्ती टाळू नये, पण ती आपल्या वेळेला घ्यावी. विंडोजमध्ये आपले कामाचे तास नोंदवता येतात. त्या तासांत संगणक आपण होऊन रीस्टार्ट होत नाही. जूनमधल्या गर्दीसारखा महत्त्वाचा आठवडा असेल, तर अपडेट काही दिवस थांबवूनही ठेवता येते. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर एका संध्याकाळी काम संपल्यावर संगणक चालू ठेवून, स्वतः हजर राहून अपडेट पूर्ण करून घ्यावे. फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर वा बाहेरच्या डिस्कवर असावी. पिकाच्या नोंदीचे ॲप जुलै महिन्यातच तपासून ठेवावे, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आणि एक विशेष सावधगिरी. अपडेट नेहमी प्रणालीच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर एखाद्या सरकारी योजनेच्या नावाने ‘हे नवे ॲप घ्या’ म्हणून फाईल आली, तर ती उघडू नये. अशा फायलींमधून बँक खाती रिकामी झाल्याचे प्रकार घडले आहेत. चोराला ठाऊक आहे, की लोक अपडेटला कंटाळून न वाचताच ‘हो’ म्हणतात.

पण सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकून चालणार नाही. आमच्याकडे घरावरचे कवेलू फेरतात, ते पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात. भर पावसात कुणी छप्पर उघडे करत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आणि सरकारी ॲप चालवणाऱ्यांनी एवढे साधे शहाणपण पाळावे. नोंदणीचा हंगाम सुरू असताना आवृत्ती बदलू नये. बदलायचीच असेल, तर महिनाभर आधी मराठीत सांगावे. जुन्या मोबाइलवर चालेल असे काही तरी ठेवावे. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सजावट यांची मोट बांधू नये. आणि यंत्र थांबले, तर माणसाचे काम थांबू नये म्हणून कागदाचा एक पर्याय शिल्लक ठेवावा. विमानतळावर हाताने लिहिलेला पास चालतो, तर तहसीलमध्ये हाताने लिहून घेतलेला अर्ज त्या दिवसापुरता चालायला काय हरकत आहे?

माणसाने लिहिलेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र लागणारच, आणि ते नाकारणे शहाणपणाचे नाही. पण ते कधी जोडायचे, याचा निर्णय पुस्तक ज्याच्या घरात आहे त्याला विचारून व्हावा. एवढी मागणी आपण सगळ्यांनी मोठ्याने केली, तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.